बघून येते

भाची दारातच उभी राहून म्हणाली, "मामी, दोन रेकी झाल्यात, तिसरी उद्या पहाटे आहे. आजची रात्र मी इथेच."

मी म्हटलं, "आधी बूट काढ, हातपाय धू." तेवढ्यात आतून ह्यांचा आवाज आला, "काय झाल्यात?"

हा आवाज मी ओळखते. एका वर्तमानपत्रात तीस वर्षं रात्रपाळी केलेल्या उपसंपादकाचा तो आवाज आहे. निवृत्त होऊन आम्ही वाईला आलो, तरी खिशातलं लाल पेन काही सुटलं नाही. लग्नपत्रिका आली की तिच्यावर आधी खुणा होतात, मग ती देवापुढे जाते. मराठी मीही शिकवलं, शाळेत. पण तासाची घंटा झाली की मी थांबायचे.

"रेकी," भाची म्हणाली. "लोकेशनची. मेणवलीच्या घाटावर चार दिवसांचं शूट आहे."

ती चित्रपटाच्या युनिटमध्ये सहायक दिग्दर्शक आहे. मेणवली ह्या लोकांना नवी नाही. नाना फडणिसांचा वाडा, मागे उतरत गेलेला कृष्णेचा घाट, काठावरची देवळं. २००४ साली 'स्वदेस' आला तेव्हापासून तर ह्या घाटावर रिकाम्या हाताने कोणी येतच नाही, प्रत्येकाच्या हातात कॅमेरा.

"रेकी म्हणजे ती हात ठेवून बरं करतात ती?" ह्यांनी विचारलं. माहीत असून विचारलं, हे सांगायला नकोच.

"मामा, तुला चांगलं ठाऊक आहे."

"मला ठाऊक आहे गं, वाचणाऱ्याला ठाऊक नसतं." मग त्यांनी ती गोष्ट सांगितली, जी मी किमान दहा वेळा ऐकली आहे. एका देवस्थानाभोवती दोन संशयित फिरताना सापडले, आणि ह्यांच्या सुटीच्या दिवशी पानात चौकट गेली, 'मंदिराची रेकी'. दुसऱ्या दिवशी कचेरीत एका बाईंचा फोन. मंदिरातली रेकी कोणत्या वारी असते, आणि फी किती? गुडघे फार दुखतात हो.

भाची हसून हसून पायरीवरच बसली.

"हसतेस काय? त्या बाईंचं काही चुकलं नाही. जपानात १९२२ च्या सुमाराला मिकाओ उसुई ह्यांनी जी उपचारपद्धती सुरू केली ती रेकी. आणि ब्रिटिश सोल्जरने लांबलचक रिकॉनिसन्स तोंडात मावेना म्हणून जो शब्द कापला तोही रेकी. एक जपानी, एक फ्रेंच आजोळचा इंग्रज. देवनागरीत दोघांनी एकच शर्ट घातला. आता ओळखायचं कसं?"

"वाक्यावरून ओळखायचं. संशयित गुडघे बरे करत नाहीत."

"वाक्यावरून!" हे म्हणाले. "म्हणजे काम वाक्याने करायचं आणि शब्दाने नुसतं बसून राहायचं."

जेवताना विषय थांबेल असं मला वाटलं होतं. पण भाकरी तव्यावर असतानाच ह्यांनी रिकॉनिसन्सची कुंडली मांडायला घेतली. मूळ शब्द फ्रेंच, त्यामागे लॅटिन, आणि अर्थ पुन्हा ओळखणं. इंग्रजीत हे नाम एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, नेपोलियनच्या लढायांच्या दिवसांत आलं. पुढे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने १९४१ मध्ये रिकॉनिसन्स कोअर नावाचं वेगळं दलच उभं केलं, आणि त्या धामधुमीत 'रेकी' हा छोटा शब्द सैनिकांच्या तोंडी रुळला. अमेरिकन लोकांनी तोच शब्द दुसरीकडून कापून 'रीकॉन' केला. आपल्या लष्कराने ब्रिटिशांची छावणी घेतली, त्याबरोबर छावणीतले शब्दही घेतले. तिथून तो पोलिसांकडे, पोलिसांच्या प्रेसनोटमधून हिंदी वाहिन्यांकडे आणि वाहिन्यांवरून मराठी पानांवर.

"आणि लष्करातून सिनेमावाल्यांकडे?" मी विचारलं.

"त्यांच्याकडे तो विलायती फिल्मवाल्यांचा म्हणून आला असणार. ब्रिटनमध्ये चित्रपटाची माणसं रेकीच म्हणतात. अमेरिकेत स्काउटिंग म्हणतात."

फ्रेंचमध्ये ह्याच शब्दाचा दुसरा अर्थ कृतज्ञता असाही आहे, हे ह्यांनी भात कालवता कालवता सांगितलं, आणि मला ते आवडलं. कारण केलेलं जाणतो तो कृतज्ञ. आपल्या 'ज्ञ' मधला धातू आणि त्या लॅटिन शब्दाच्या पोटातला धातू हे मुळात एकाच घरचे. म्हणजे जिला हे परकी म्हणून दारात अडवून उभे होते ती लांबची का होईना, नात्यातलीच निघाली. पण हे मी तेव्हा बोलले नाही. ताटावर एक भांडण पुरे.

"माझं म्हणणं साधं आहे," हे म्हणाले. "ज्या भाषेत ह्या कामाला शब्दच नाही तिने उसना घ्यावा. आपल्याकडे काय कमी आहे? उंचावरून लांबवर बघतात ती टेहळणी. म्हणून गडावर टेहळणीचा बुरूज असतो, तळघरात नसतो. एखाद्या माणसावर किंवा घरावर ठेवतात ती पाळत. तिला दिवस लागतात, चहाच्या टपरीवर उभं राहावं लागतं. अंधारात कानाने घेतात तो कानोसा. पावलांवरून काढतात तो माग. हाताने करतात ती चाचपणी, मग ती खिशाची असो की मतदारसंघाची. आणि हेरणं! बंद घर हेरलं म्हटलं की वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. त्या क्रियापदात सावज आधीच बसलेलं आहे. आता ह्या सगळ्यांच्या जागी एकच, रेकी. चोराने घराची रेकी केली, अतिरेक्याने स्टेशनची रेकी केली, बिबट्याने उद्या गोठ्याची रेकी केली म्हणून छापतील."

"पाहणी राहिली," मी म्हणाले.

"पाहणी मंत्री करतात. पूर ओसरल्यावर. तिच्यात बघणं सोडून सगळं असतं."

भाची पाणी प्यायली, तिने ग्लास खाली ठेवला. तिची मला लहानपणापासून ही एक गोष्ट आवडते. समोरचा पूर्ण बोलून होईपर्यंत ती थांबते, मग मारते.

"मामा, मी काल घाटावर काय केलं ते सांगते, ह्यातला कोणता शब्द बसतो ते तू सांग. सकाळी सात ते अकरा ऊन कोणत्या पायरीवर कुठून येतं ते बघितलं, कारण नायिका तिसऱ्या पायरीवर बसणार आणि तिच्या तोंडावर वडाची सावली नको. जनरेटरची गाडी कुठपर्यंत येईल ते बघितलं, कारण केबल दोनशे फुटांच्या पुढे नेली की प्रॉडक्शनवाला ओरडतो. शेजारच्या वाडीत बायकांसाठी बाथरूम मिळेल का ते विचारलं. ग्रामपंचायतीत परवानगीचा अर्ज कुणाकडे द्यायचा ते विचारलं. एक म्हातारे गृहस्थ रोज साडेसातला स्नानाला येतात, त्यांची वेळ लिहून घेतली, कारण आम्हीच थांबायचं, त्यांना थांबवायचं नाही. नदीचं पाणी धरणातून कधी सोडतात ते विचारलं. आणि घाटावर जी मोठी घंटा टांगलेली आहे..."

"वसईच्या मोहिमेनंतर आणलेली," हे म्हणाले. "पोर्तुगीजांची."

"तीच. पर्यटक येतो आणि वाजवतो. सीन मधेच मरतो. म्हणून तिथे एक मुलगा उभा करायचा हे ठरवलं. आता सांग. ही टेहळणी? मी बुरुजावर नव्हते. पाळत? त्या आजोबांवर म्हणशील तर पाळत, पण त्यांच्या भल्यासाठी. पाहणी म्हणशील तर तूच तिची वाट लावलीस. हे सगळं मिळून जे होतं ते रेकी."

"लोकेशन बघणं म्हण."

"बघणं म्हणजे दिग्दर्शक येऊन 'वा, काय घाट आहे' म्हणतो ते. रेकी त्यानंतर होते. आम्ही तर पुढे तिचेही दोन भाग करतो. पहिली साधी, मग टेक रेकी. तिला कॅमेरामन, कलादिग्दर्शक, साउंडवाला सगळे येतात."

ह्यावर हे काही क्षण गप्प होते. मग एकदम म्हणाले, "गंमत बघ. तुमच्या धंद्याला दिग्दर्शक हा शब्द आहे, संकलन आहे, चित्रपट आहे. हे सावरकरांनी दिलेले म्हणून सांगतात. ते नव्वद वर्षांत इतके मुरले की तुझ्या तोंडातून आत्ता कलादिग्दर्शक निघाला आणि तुला कळलंही नाही. तेव्हा कुणी तरी बसून शब्द केले म्हणून ना? तुम्ही एक तरी केलात?"

हा घाव बरोबर बसला. भाची जरा गडबडली. पण मला राहवलं नाही.

"शब्द केले की होतात असं नाही," मी म्हणाले. "आमच्या शाळेत स्काउट आणि गाइड होतं, दर शनिवारी. स्काउटला मराठीत बालवीर म्हणायचे. बेडन पॉवेल लष्करातला माणूस. १८९९ मध्ये त्याने सैनिकांसाठी टेहळणीवर पुस्तक लिहिलं, मग १९०७ साली ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांना घेऊन तंबू ठोकले, आणि पुढच्या वर्षी मुलांसाठी पुस्तक काढलं. मुलांना शिकवायचं काय, तर बघायला आणि ऐकायला. आणि स्काउट ह्या शब्दाचं मूळ जुन्या फ्रेंचमध्ये आहे, अर्थ ऐकणं. डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतात, त्या क्रियेचं इंग्रजी नावसुद्धा त्याच लॅटिन मुळातून आलेलं. म्हणजे स्काउट हा मुळात कान देणारा. आपण त्याला काय केलं? वीर. छाती काढून उभा केला. कान गेले, छाती आली. त्यापेक्षा स्काउटच ठेवला असता तर निदान अर्थ तरी बिघडला नसता."

"आमचा साउंडवाला!" भाची उडालीच. "मामी, तो रेकीला येतो तेव्हा काहीच बघत नाही. घाटाच्या पायरीवर डोळे मिटून दहा मिनिटं बसतो. मग सांगतो, पाणी डावीकडे जास्त वाजतंय, पलीकडे कुठे तरी पंप आहे, आणि पावणेआठला एसटी घाटात गिअर बदलते."

"तो कानोसा घेतोय," हे म्हणाले. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच जरा मऊपणा आला. चांगला शब्द योग्य जागी पडला की हे असे होतात.

पण लगेच सावरले, आणि महाराजांकडे गेले. मराठी माणूस हरायला आला की महाराजांकडे जातो. बहिर्जी नाईक काढला. १६६४ च्या जानेवारीत सुरत लुटली त्याच्या आधी बहिर्जी जाऊन शहराची बित्तंबातमी घेऊन आला होता. नजरबाज म्हणत त्याला, जासूद म्हणत. राज्याभिषेकानंतर महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राजव्यवहारकोश करवून घेतला, फारसी-अरबी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द घालण्यासाठी. ज्या राज्याने शब्दांचाही विचार केला त्याच्या वारसांनी इंग्रज सोल्जरचा कापलेला तुकडा मिरवावा?

"मामा," भाची फार गोड आवाजात म्हणाली, "नजर कुठला शब्द?"

हे थांबले.

"अरबी. बाज?"

"फारसी," हे म्हणाले. खोटं बोलायची सवय नाही माणसाला.

"आणि जासूद?"

"अरबी. जासूसवरून."

"म्हणजे महाराजांचा सगळ्यात मोठा हेर परक्या शब्दाने ओळखला जायचा, आणि त्याने सुरत काही कमी पडली नाही."

मी ताटं उचलायला घेतली. खरं सांगायचं तर मला ह्या क्षणी तिचं पटत होतं. भाषा हेरगिरीच्या धंद्यात नेहमीच उसनवारीची राहिली आहे, कारण हा धंदाच सीमेवरचा. दोन्ही बाजूंच्या बोली कानावर पडतात, तिथे शब्द इकडचे तिकडे होणारच. ब्रिटिश सोल्जर आपल्याकडे राहून गेला आणि जाताना 'देखो' घेऊन गेला. इंग्रजीत अजून 'डेको' म्हणून तो शब्द आहे, एक नजर टाकणं ह्या अर्थी, लष्करी बोलीतून आलेला. त्यांनी आपलं देखो नेलं आणि आपण त्यांची रेकी घेतली. फिट्टंफाट.

"आणि मामा, तुझं स्वतःचं काय?" भाची आता थांबायला तयार नव्हती. "तू तीस वर्षं बातमीदारांची कॉपी तपासलीस. बातमीदार म्हणजे जुन्या कागदांत काय होतं?"

"गुप्त खबर आणणारा," हे पुटपुटले. "बातमी राखणे म्हणजे शत्रूच्या हालचालींवर लक्ष ठेवणे." नाना फडणिसांच्या मेणवलीशेजारी बसून हे नाकारणं कुणालाच शक्य नव्हतं. ज्या माणसाच्या दप्तरात हिंदुस्थानभरच्या दरबारांतून बातमीपत्रं यायची, त्याच्या वाड्यामागे तर ही मुलगी शूटसाठी केबल अंथरणार होती. हेराचा बातमीदार झाला, वार्ताहराशेजारी येऊन बसला, प्रेस कार्ड लावून फिरू लागला, आणि कुणी हरकत घेतली नाही.

एवढ्यावर हे हरले असं मला वाटलं. पण ते उठून आतल्या खोलीत गेले आणि परत आले तेव्हा चेहरा वेगळा होता.

"एक विचारतो. २६/११ च्या हल्ल्याआधी हेडलीने मुंबईत काय केलं?"

भाची गप्प.

"२००६ ते २००८, पुन्हा पुन्हा आला. ताडदेवला व्हिसा-इमिग्रेशनच्या कामाची कचेरी उघडली. ताजमध्ये राहिला, आतून व्हिडिओ काढले. दारं कुठे, जिने कुठे, सगळं. समुद्रात बोटीने फिरला, माणसं कुठे उतरवता येतील ते बघितलं. कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीपाशी. ते दहा हल्लेखोर तिथेच उतरले. पुढे २०१६ मध्ये व्हिडिओवरून मुंबईच्या कोर्टापुढे त्याची साक्ष झाली, ती बातमी सगळ्यांनी छापली. आणि शब्द कोणता वापरला? हेडलीने रेकी केली. तू काल घाटावर रेकी केलीस. त्याने ताजची रेकी केली. एकच क्रियापद?"

"काम तेच आहे, मामा," ती हळू म्हणाली. "मला हे आधीही वाटून गेलंय. मी दारं मोजते, लोकांच्या वेळा लिहिते, कुणाला न सांगता फोनवर व्हिडिओ काढते. कधी कधी वॉचमन अडवतो. त्याचं बरोबरच असतं. बाहेरून बघणाऱ्याला माझ्यात आणि तशा माणसात फरक दिसत नाही. म्हणून शब्द एकच आहे. फरक उद्देशात आहे, तो शब्दात कसा येणार?"

"येतो. मराठीत येतो. तेच तर सांगतोय मघापासून. हेरलं म्हटलं की करणाऱ्याचा हेतू उघडा पडतो. पाळत ठेवली म्हटलं की कुणी तरी बिचारं बेसावध आहे हे कळतं. रेकी केली म्हटलं की काय कळतं? कुणी तरी कचेरीचं काम केलं. फॉर्म भरला. २०२२ च्या जानेवारीत नागपूरला संघाच्या रेशीमबागेची रेकी झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. घरातली माणसं वाचतात आणि चहा पितात. टेहळणी म्हटलं असतं तरी चहा प्यायलेच असते, पण कप जरा हलला असता."

मी रात्रपाळी केलेली नाही, पण एवढं मला कळतं की मथळ्यात रेकी का जाते. दोन अक्षरं. एका कॉलमात टेहळणी घातली की नागपूर खाली उतरतं. हे मी बोलून दाखवलं, तर हे म्हणाले, "तेही आहेच. मीही घातला असेल एखाद्या वेळी." हे कबूल करताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"पण ह्या शब्दाला गुन्ह्याचा वास आपल्याकडेच आला," भाची म्हणाली. "मूळ शब्दात चोरी नाही. १९२१ साली एव्हरेस्टवर पहिली मोहीम गेली, मॅलरी होता तिच्यात, तिचं नावच रिकॉनिसन्स मोहीम होतं. लपून काय बघणार, डोंगर? आपले सह्याद्रीतले ट्रेकवाले बघ. पन्नास जणांना घेऊन जायच्या आधी दोघं जाऊन वाट बघून येतात, पाणी आहे का, पावसाने दरड आली का. म्हणतात, रूटची रेकी केली. ह्यात शत्रू कुठे आहे?"

"वाट बघून येतात," मी म्हणाले.

"तेच, रेकी."

"नाही. तू आत्ता काय म्हणालीस ते पुन्हा म्हण."

"वाट बघून येतात."

आणि मला माझ्या सासूबाई आठवल्या. आमचं लग्न ठरायच्या दोन महिने आधी, बघण्याचा कार्यक्रम वगैरे काही नसताना, त्या आमच्या वाड्यात कुणाच्या तरी ओळखीने हळदीकुंकवाला येऊन गेल्या होत्या. आल्या, पाट बघितला, पाणी द्यायला कोण पुढे येतं ते बघितलं, न्हाणीघर बघितलं, माझ्या आईशी विहिरीच्या पाण्याबद्दल बोलल्या. माझ्याकडे तर बघितलंसुद्धा नाही, असं मला वाटलं होतं. घरी गेल्यावर ह्यांच्या वडिलांना एवढंच म्हणाल्या, "बघून आले." हे मला लग्नानंतर चार वर्षांनी कळलं. ज्याला सिनेमावाले लोकेशन म्हणतात त्यालाही आपल्याकडे स्थळ म्हणतात, आणि मुलीच्या घरालाही स्थळच. स्थळं बघायची सवय आपल्या बायकांना रिकॉनिसन्स कोअरच्या कितीतरी आधीपासून आहे.

मी हे सांगितलं तेव्हा ह्यांना ठसका लागला. त्यांनाही माहीत नव्हतं.

"बघून येणं," मी म्हणाले. "हीच ना तुझी रेकी? जायचं, बघायचं, आणि परत येऊन ज्यांना पुढे जायचंय त्यांना सांगायचं. ते परत येणं आणि सांगणं त्या 'येणे'मध्ये आहे. हेरण्यात ते नाही, टेहळणीत नाही. तू मामाला विचारत होतीस ना, सगळं मिळून एक शब्द कोणता? शब्द नाहीच, क्रियापद आहे. जोडीचं. आपली भाषा कामं क्रियापदांनी करते. आता सगळ्यांना नाम हवं असतं आणि त्याला 'करणे' चिकटवायचं असतं. चौकशी करणे, पाहणी करणे, रेकी करणे. नाम सापडलं नाही की म्हणायचं, मराठीत शब्दच नाही."

ह्यांनी मांडीवर थाप मारली. दोन तासांत कुणी तरी त्यांच्या बाजूने बोललं होतं, असं त्यांना वाटलं. भाचीने पिशवीतून एक कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

"मामी, हे बिल आहे. डिझेल, नाश्ता, घाटावरच्या मुलाला दिलेले शंभर रुपये. प्रॉडक्शनला द्यायचं. वर कशासाठी ते लिहायचं असतं. 'बघून येणे, नग दोन' असं लिहू?"

मी बघत राहिले. हिशेबाच्या रकान्यात क्रियापद बसत नाही हे खरं. कॉलशीटवर 'सकाळी सहा, बघून येणे' लिहिलं तर युनिटमधला निम्मा माणूस येणार नाही आणि निम्मा नातेवाइकांना घेऊन येईल.

"प्रत्यभिज्ञा," हे म्हणाले. "पुन्हा ओळखणे. रिकॉनिसन्सचा नेमका अर्थ. संस्कृतात तयार आहे."

"मामा, टेक प्रत्यभिज्ञा?"

तेही हसले. बऱ्याच दिवसांनी असे हसले.

रात्री ती जेवणाच्या टेबलावर बसून उरलेली बिलं लिहीत होती. हे झोपायला गेले. मी गेले तेव्हा ती त्या कागदावर मान टाकून पेंगत होती. दिवा मालवला.

पहाटे साडेपाचला गाडी आली. ती बूट घालता घालता म्हणाली, "येते गं मामी. बघून येते." हे बाल्कनीत उभे होते, हातात चहा. गाडी वळेपर्यंत थांबले, मग आत येऊन पेपर उघडला.

टेबलावर तिने बिलाची एक प्रत आमच्याकडे ठेवली होती, हरवली तर म्हणून. वर तिच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, 'मेणवली घाट, दोन रेकी.' त्यातली 'रेकी' लाल पेनाने खोडलेली होती. वर बारीक अक्षरात दुरुस्ती होती : 'रेक्या'.